आज्याची माती

रामाजीने खुरप्याने दगडांभोवतीचं गवत काढलं, चुना ढवळला आणि कुंच्याचा पहिला हात मारला, तोच मागून आत्याचा आवाज आला.

"कोनाची माती रंगवून राह्यला रे?"

रस्ता रुंद होणार होता आणि गावची निम्मी मसणवट त्यात जाणार होती. घरचं माणूस हक्क सांगेल त्या थडग्याला चुना लावायचा, वडीलधाऱ्याने ओळख द्यायची. मग अस्थी काढून वर चढावर मोहाच्या झाडाच्या बाजूला पुन्हा माती देणार. बाकीच्यांवर मुरूम पडणार होता. रामाजीच्या घरात वडीलधारं म्हणून एवढी आत्याच उरली होती. सत्त्याऐंशी वर्षांची बायनाबाई त्यासाठी सावली गावाहून ऑटोने आली होती, आणि सकाळपासून तिने दोन घरांची चांगलीच हजेरी घेतली होती. एका घराला तर म्हणाली, "हे बंधाऱ्याचे उरलेले गोटे हायेत, याले मेनबत्त्या कायले लावता?"

"आज्याची," रामाजी म्हणाला.

"माह्या बापाले इथी नाई गाडलं."

रामाजी हसला. आजा त्याच्या जन्माआधीच गेला होता. पण लहानपणी दर पुनवेला बाबा त्याला इथेच घेऊन यायचे. मेणबत्ती लावायचे, दगडांवरून हात फिरवायचे, बराच वेळ बसून राहायचे. इतक्या मायेने माणूस बापाशिवाय आणखी कुणाजवळ बसेल? विचारायची गरजच त्याला कधी वाटली नव्हती. बाबा गेल्यावर मेणबत्ती त्याने चालू ठेवली, त्यालाही आता तीस वर्षं होत आली.

आत्याने काठीने चढावरचा मोह दाखवला. "थो तिथी हाय, मोहाखाली. रोडाचा त्याले धक्का नाई."

रामाजीचा जीव भांड्यात पडला. आज्याच्या अंगावरून ट्रक जाणार या विचाराने पंधरा दिवस त्याला घास गोड लागत नव्हता. बादली उचलून तो मोहाकडे चार पावलं चाललाही. मग थांबला.

"मंग हे कोनाची?"

आत्या बाजूच्या एका दगडावर टेकली. "पोचूची. सिरोंच्याकडचा होता, बांबू तोडाले आलता. ताप आला तं ठेकेदार टोळी घेऊन पुढं गेला, याले टाकून. तुह्या बापानं, पत्रूनं, आठ दिस पेज पाजली त्याले. मराच्या आधी लय येळ बोलला, पन सारं तेलगूत. पत्रूले एक शब्द समजला नाई."

"काय बोलला असंन?"

"कोन जाने. घरी काई निरोप सांगाचा असंन. थेच लागून राह्यलं माह्या भावाले जन्मभर. म्हनून येऊन बसे."

रामाजीने बादली खाली ठेवली. बाबा इतकी वर्षं न समजलेला निरोप मनात घेऊन इथे बसत होते आणि आपण शेजारी बसून एकदाही विचारलं नाही, याचं त्याला फार वाईट वाटलं.

ग्रामसेविका नूतन मॅडम यादी घेऊन आल्या. "रामाजीभाऊ, ही तुमच्या आजोबांचीच ना? कोणाची नसेल तर तसं लिहिते."

"आज्याचीच हाय," रामाजी म्हणाला. आत्याकडे पाहायची त्याची हिंमत झाली नाही. कुणाचंही खोटं ती चालवून घेत नाही, हे आज अख्ख्या गावाने पाहिलं होतं.

मॅडमने शाईची डबी पुढे केली. "बाई, तुम्ही ओळखता?"

अर्धवट पांढऱ्या झालेल्या दगडाकडे बायनाबाईने पाहिलं. पदराने अंगठा पुसला आणि शाईवर दाबला.

"ओळखत नाई तं काय? बाप हाय माहा."

कागदावर अंगठा उठवून ती रामाजीवर खेकसली, "पाहून काय राह्यला? चुना वाळून राह्यला तुहा."