झारीची धार

हंबीररावाने आणखी एक झारी पाण्याने भरली, वाकडी केली आणि धार थांबल्यावर चोचीकडे डोळे बारीक करून पाहिलं. एक थेंब चोचीखालून ओघळून झारीच्या पोटावर आला. त्याने झारी बाजूला ठेवली.

हरिबा कुंभाराचे हात चाकावर होते, पण लक्ष नव्हतं. शिराळ्याच्या बायका मडक्याला टिचकी मारत, खणखणीत वाजलं की कमरेवर घेऊन चालू लागत. पलटणीतून सुटून आलेल्या या गड्याने मात्र सकाळपासून अंगणाचा चिखल करून टाकला होता.

“आवं हवालदार, झारी घ्यायची हाय का सोयरीक जमवायचीय?”

“थेंब गळतोय, हरिबा.”

“झारीच हाय ती. थोडा गळनारच की.”

“न्हाई चालायचं. धार तुटली की तुटली पायजे. आन् उकळतं पानी सोसलं पायजे.”

हे ऐकून हरिबाने चाक थांबवलं. झारीत उकळतं पाणी ओतणारा माणूस त्याने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. पण हंबीरराव हटेना, तेव्हा हरिबाची बायको रंगुबाई चुलीवरचं आधण घेऊन बाहेर आली. गेरूचे पट्टे ओढलेली सगळ्यांत देखणी झारी हंबीररावाने पुढे केली. पाणी पडताच आत बारीकसं टिक् झालं आणि पोटावर केसासारखी रेघ उमटली.

“गेली!” हरिबा उसळला. “आता गावजत्रा भरवा माझ्या दारात! कुनाला पाजायचंय येवढं?”

“सिद्धूच्या आईला.”

हरिबाने चाकावरचे हात खाली घेतले. रंगुबाईने पदर डोक्यावर नीट घेतला.

सिद्धू आणि हंबीरराव एकाच तालमीत घुमले, एकाच दिवशी भरती झाले आणि मलायात एकदमच जपान्यांच्या कैदेत पडले. सिद्धू तिथेच तापाने गेला. लढाई संपल्यावर हंबीरराव एकटा परत आला आणि आधी सिद्धूच्या आईच्या, राहीबाईच्या पाया पडला. तिने एकच विचारलं होतं, “जाताना त्येच्या तोंडात पानी कुनी घातलं?”

कैद्यांच्या छपराशेजारी एक म्हातारा चिनी दुकानदार होता. पहारेकऱ्याची नजर चुकवून तो येई आणि आपल्या मातीच्या लहानशा झारीतून सिद्धूच्या तोंडात चहाची धार सोडी. शेवटच्या दिवशीही त्यानेच सोडली. हंबीररावाने हे जसंच्या तसं सांगितलं. राहीबाई “बरं” म्हणाली आणि आत निघून गेली.

चुकलं ते तिथेच. सिद्धू तालमीतला पोर. वस्तादाच्या धाकाने त्याने चहाला कधी तोंड लावलं नव्हतं. कुणाच्या घरी चहा उकळला तर हा अंगणात जाऊन उभा राही. त्याची आई ते विसरेल कशी? शेजारची शालूबाई नंतर हंबीररावाला म्हणाली, “तू तिच्या समाधानासाटी बोलतुयास, असं तिला वाटतंय. ल्योक तहानेला गेला म्हनती. पान्याचा तांब्या तोंडाशी नेती आन् तसाच खाली ठेवती.”

आता शपथा घालून काय उपयोग? तो चहाच तिला चाखवायला हवा होता. सुटका झाल्यावर म्हाताऱ्याने चहापत्तीचा पुडा हातात ठेवला होता. त्या पत्तीला तो ऊलाँग म्हणायचा. हंबीररावाच्या बायकोने कौतुकाने त्यातली अर्धी पत्ती दूध-गुळात खळखळा उकळली. ते प्रकरण म्हशीनेही हुंगून सोडलं. मग त्याने स्वतः पितळेच्या तपेलीत नुसत्या पाण्यात करून पाहिला, तर जिभेवर पितळच आलं. उरलेली पत्ती वाया घालवायची त्याची छाती नव्हती, म्हणून म्हाताऱ्याची होती तशी मातीची झारीच हवी होती.

हरिबा आत गेला आणि एक झारी घेऊन आला. भट्टीच्या तळाशी जास्त भाजलेली, काळपट, एका अंगाला किंचित कललेली. बाजारात न्यायची लाज वाटावी अशी. रंगुबाईने आधण ओतलं. सगळ्यांनी कान लावले. टिक् झालं नाही. हंबीररावाने धार सोडली, थांबवली. चोच कोरडी.

“हीच,” तो म्हणाला, आणि त्याने झारी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

“रातभर पान्यात बुडवून ठेवा,” हरिबा म्हणाला. “आन् पयला च्या म्हातारीला दिऊ नगा. माती आदी आपलं आपलं पिऊन घेती.”

दुसऱ्या दिवशी राहीबाईच्या ओसरीवर हंबीररावाने पहिला चहा झारीला पाजून ओतून टाकला, मग पत्तीवर पुन्हा आधण ओतलं, वर पणती उपडी घालून झाकण केलं. राहीबाई भिंतीला टेकून बघत होती.

“दूध?”

“न्हाई, काकी.”

“गूळ?”

“त्योबी न्हाई. त्यो बाबा असंच करायचा. सिद्धूचं डोकं मांडीवर घ्यायचा आन् निवल्यावर धार सोडायचा.”

“मग तशीच सोड,” ती म्हणाली आणि मान वर केली.

चहा निवल्यावर हंबीररावाने झारी वाकडी केली. धार नीट पडली आणि नीट तुटली. हनुवटीवर थेंब आला नाही. राहीबाईने तो घोट बराच वेळ तोंडात धरून ठेवला.

“ह्यो च्या न्हवं,” ती म्हणाली.

हंबीररावाने झारी खाली ठेवली. सगळं मुसळ केरात गेलं, असं त्याला वाटलं.

“ह्यो काढा हाय रं. तापात मी पाजायची तसला. लय कडू.” तिने त्याचं मनगट धरलं. “सिद्धू काढा थुकायचा. तितं थुकला का?”

“न्हाई काकी. शेवटपत्तूर घोट घोट प्याला.”

राहीबाईचे डोळे भरून वाहू लागले. तिने स्वतःच झारी उचलली आणि उरलेलं सगळं पिऊन टाकलं. तहानलेलं माणूस पितं तसं, न थांबता. मग पदराने तोंड पुसत तिने विचारलं, “त्या बाबाचं नाव काय?”

“ते इचारायचं ऱ्हाऊनच गेलं बगा.”

“जित्ता हाय न्हवं?”

“मी निगालो तवा हुता.”

“ऱ्हातो कुनीकडं?”

हंबीररावाने उगवतीकडे, गोठ्याच्या कौलांवरून पार पलीकडे हात केला. राहीबाई उठून उभी राहिली. तिकडे तोंड करून तिने दोन्ही हात लांब केले, समोर कुणाचा चेहरा असावा तसे हवेतून सावकाश खाली आणले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली.

सगळी बोटं कडाकड वाजली.