मुलाखतीतली आई

मुलीची परदेशातल्या मेडिकल कॉलेजसाठी मुलाखत झाली होती. निकाल येणार म्हणून आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो, मी, ती आणि तिचा मामा. बायको गेल्यापासून हा मेहुणा आमच्याकडे जरा जास्तच येतो.

"काय विचारलं गं त्यांनी?" मामाने विचारलं.

"डॉक्टर का व्हायचंय. मी आईच्या आजारपणाचं सांगितलं."

माझं डोकं फिरलं. "आईच्या मरणाचं भांडवल केलंस?"

"मेली असं सांगितलंच नाही. मरणाच्या गोष्टी सगळेच सांगतात, त्यांचे कान किटलेत. बरी होऊन घरी आली, असं सांगितलं मी."

घरी आणली ती झाकून. उचलणाऱ्यांत मी होतो आणि हा मेहुणाही होता.

"मग आता काय करते म्हणे तुझी आई?" मी विचारलं.

"कुंड्यांना पाणी घालते."

मामा हसला. "दाजी, पोरगी तयार आहे. खोटं बोल पण रेटून बोल."

"तू गप बस. तुझीच शिकवण दिसतेय."

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. तिने वाचलं. "मिळाली सीट."

मामा टाळी वाजवायला गेला, पण माझ्याकडे बघून थांबला.

"आधी त्यांना फोन लाव," मी म्हणालो. "सांग, आई मेली."

"मी नाही लावणार. तुम्हीच लावा बाबा, नंबर मेसेजच्या खाली आहे." तिने मोबाइल माझ्याकडे ढकलला. "घालवा सीट. मग बसू एकमेकांची तोंडं बघत."

मी नंबर लावला नाही. पण तिने हात पुढे केला, तेव्हा मोबाइल परतही दिला नाही.