दोन बोटं उंच

खालच्या कप्प्यातला बल्ब काढायला म्हणून खुर्चीवाले कपाटासमोरच्या बुटक्या स्टुलावर बसले, तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. बल्ब लगेच सापडला. उठायचं मात्र जमेना. एकदा जोर लावून पाहिला, दोनदा पाहिला, कपाटाच्या दाराला धरून पाहिलं तर दारच निखळून हातात यायला लागलं. मग ते बल्ब मांडीवर घेऊन तसेच बसून राहिले. हाक मारायची लाज वाटली. चाळीस वर्षं खुर्च्या आणि कोच बनवलेल्या माणसाने मला स्टुलावरून उठवा म्हणून ओरडायचं, हे काही बरं दिसलं नसतं.

एक वाजता खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन वर्तमानपत्र घेऊन वर आले. त्यांच्याकडे घराची किल्ली असायची आणि त्यांच्या पायांना जिने चढायची सवय होती. दारात थांबून त्यांनी आधी मनसोक्त पाहून घेतलं.

"काय खुर्चीवाले, आज स्टुलाची चाचणी का?"

"आधी उठवता का?"

"थांबा हो. आयुष्यभर दुसऱ्यांना बसवलंत. आज तुम्हाला बसलेलं जरा बघू द्या."

मग पोस्टमननी एका हाताने त्यांना ओढलं आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या मुलीला फोन लावला. बातमी वेळेवर पोचवायची खोड निवृत्तीनंतरही गेली नव्हती.

मुलगी संध्याकाळी आली, दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही. मांड्यांत ताकद उरलेली नाही, कारण वर्षभर हे गृहस्थ हललेलेच नाहीत. ते खरंच होतं. बायको गेल्याला वर्ष झालं होतं आणि त्या वर्षात खुर्चीवाल्यांनी मुख्यतः बसायचं काम केलं होतं. तेही तिच्या खुर्चीत, खिडकीशी. दुकान त्याआधीच बंद झालं होतं. दुकानाच्या पाटीवर नावाखाली एक ओळ होती: 'बसलात की उठावंसं वाटणार नाही.' ती ओळ बायकोची. खोळी आणि पडदे ती शिवायची, जाहिरातही तिचीच.

"बाबा, स्पष्ट बोलते," मुलगी म्हणाली. "तिसरा मजला, लिफ्ट नाही, तुम्ही एकटे. माझ्या घरामागची खोली रिकामी आहे. तळमजला आहे. मी पडदेसुद्धा लावलेत."

"चुण्या सारख्या आल्या का?"

"नाही आल्या. आई नव्हती ना."

खुर्चीवाल्यांनी मान हलवली. मग विचारलं, "तुझ्या आईची खुर्ची मावेल का त्या खोलीत?"

"नाही हो. पलंग ठेवला की संपलं. ती देऊन टाकू कुणाला तरी."

तिथे गाडं अडलं. शेवटी ठरलं ते असं. घरी व्यायाम शिकवायला एक फिजिओ येईल. सहा आठवड्यांनी ती परीक्षा घेईल. साध्या खुर्चीवरून, हात छातीशी धरून, न थांबता दहा वेळा उठायचं आणि बसायचं. जमलं तर खुर्चीवाले इथेच राहतील. नाही जमलं तर खोली, आणि खुर्ची कुणाला तरी.

"दहा?" खुर्चीवाले हसले. "दहा वेळा तर मी दाराची घंटा वाजली तरी उठतो."

"घंटा दिवसाला एकदा वाजते, आणि पोस्टमनकाका किल्लीने उघडतात," मुलगी म्हणाली.

फिजिओ म्हणजे तिशीतली बुटकीशी, हसतमुख बाई. तिने एक कागद दिला. चार व्यायाम, चित्रांसकट. चित्रातला म्हातारा सडपातळ होता आणि घाम न येता हसत होता. खुर्चीवाल्यांना तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही.

पहिला व्यायाम, जागच्या जागी चालणं. तो सुरू केल्यावर पाच मिनिटांत पोस्टमन वर आले आणि सामान हलवताय का म्हणून विचारून गेले. दुसरा, भिंतीला हात टेकून भिंत ढकलणं. भिंत हलली नाही, कॅलेंडर पडलं. तिसरा, ओट्याला धरून टाचा उचलणं. हा जमला, चहा उकळेपर्यंत तेवढंच काम. चौथा, खुर्चीवरून उठबस. कागदावर लिहिलं होतं, 'रोजच्या खुर्चीवरून सुरुवात करा.' रोजची खुर्ची कुठली, हे सांगायची गरज नव्हती.

पहिल्याच दिवशी आठ झाले. खुर्चीवाल्यांना स्वतःचंच नवल वाटलं. कापडावर खुणा करायच्या खडूने त्यांनी कपाटाच्या दारावर आत आकडा लिहिला. आठवड्याने चौदा. दुसरा आठवडा संपताना बावीस. त्यांनी मुलीला फोन केला.

"बावीस!"

"बाबा, खरं सांगा."

"खोटं कशाला सांगू? पोस्टमन साक्षीला आहेत. विचार त्यांना."

पोस्टमननी फोन घेतला. "बावीस, अगदी पोचपावतीसकट. बाप तुझा पुढच्या महिन्यात पळत सुटणार बघ."

तिसऱ्या आठवड्यात फिजिओ पाहायला आली. खुर्चीवाल्यांनी तिच्यापुढे बावीस करून दाखवले आणि तेविसावा वर टाकला. ती टाळ्या वाजवेल असं त्यांना वाटलं होतं. तिने नुसतं खुर्चीकडे पाहिलं, म्हणाली, "काका, जरा उठा," आणि स्वतः त्या खुर्चीत बसली. तिचे पाय जमिनीला टेकेनात. ती लहान मुलीसारखी पाय हलवत बसली.

"काका, ही खुर्ची आहे की ओटा?"

"उंच माणसाची आहे."

"कुणाची?"

"बायकोची."

"उंच होत्या?"

खुर्चीवाल्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बायको त्यांच्या खांद्याला लागायची.

फिजिओने जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली. खुर्चीवाले त्यावर बसले, हात छातीशी घेतले आणि उठले. दुसऱ्यांदाही उठले, पण कुरकुरत. तिसऱ्या वेळी अर्ध्यावर गेले आणि धपकन खाली आले.

"दोन," फिजिओ म्हणाली.

"या खुर्चीची बैठकच चुकली आहे."

"कुणी बनवली?"

"मीच," खुर्चीवाले म्हणाले.

आता खिडकीतल्या खुर्चीची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती असं नाही. शेवटच्या दोन वर्षांत बायकोचे पाय गेले. पाय म्हणजे जीव होता तिचा. कुणी हात देऊन उठवलं की दिवसभर बोलायची नाही. तेव्हा ती झोपलेली असताना खुर्चीवाल्यांनी बैठकीची मागची शिवण उसवून आत फोमचा एक थर सरकवला होता. दोन बोटं जाड. उंच खुर्चीवरून उठायला जोर कमी लागतो, हे धंद्यातलं पोरही सांगेल. दुसऱ्या दिवशी ती एकटी उठली आणि म्हणाली, "अहो, पाय सुधारले बरं का माझे." पुढे चार महिन्यांनी दुसरा थर, मग तिसरा. प्रत्येक वेळी तिचे पाय सुधारले. खुर्चीवाले प्रत्येक वेळी "वा!" म्हणाले. हे सगळं त्यांना माहीत होतं. फक्त खुर्चीचा हा गुण आपल्यालाही लागू होईल, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. स्वतःचे पाय सुधारले की माणूस खुर्ची तपासत नाही.

"एकदम साध्या खुर्चीवर जाऊ नका, गुडघे धरतील," फिजिओ म्हणाली. "उंची हळूहळू कमी करायची. सुट्या उशा नकोत, घसरतात. तुम्ही कारागीर आहात. हीच खुर्ची थोडी थोडी खाली आणा."

"ती उघडायची नाही."

"मग तीन आठवड्यांनी दोनच होतील, काका."

खुर्चीवाल्यांनी चार दिवस हट्ट केला. टेबलाच्या खुर्चीवरून रोज दोनच झाले आणि चौथ्या दिवशी एकच. गुडघे सुजले. पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी हत्यारांची पेटी काढली, बैठक उचलून टेबलावर पालथी घातली आणि शिवण उसवायला पातं लावलं.

तिथेच हात थांबला. टाके त्यांचे नव्हते.

त्यांचा टाका मोठा आणि उजवीकडे कललेला. बायको त्याला 'पळता टाका' म्हणायची. हे टाके बारीक, सरळ, आणि शेवटी दुहेरी गाठ. अशी गाठ दुकानात एकच माणूस मारायचा. मधे मात्र वीतभर टाके वेडेवाकडे गेले होते, जसे थरथरत्या हाताचे जातात.

त्यांनी शिवण उघडली. फोमचे तीन थर निघाले. ते त्यांचे. त्यांच्या खाली चौथा थर होता, चौपदरी घडी घातलेलं तपकिरी ब्लँकेट.

ब्लँकेट त्यांच्या ओळखीचं होतं. ते त्यांचंच. शेवटच्या थंडीत ते हरवलं होतं आणि बायको म्हणाली होती, "लाँड्रीत गेलं असेल, आणलंच नाही तुम्ही." त्यावरून खुर्चीवाले लाँड्रीवाल्याशी भर रस्त्यात भांडले होते. त्याला चोर म्हणाले होते, त्याच्या बापालाही मधे घेतलं होतं. बावीस वर्षांचं गिऱ्हाईक त्या दिवशी तुटलं. लाँड्रीवाला शपथा घेत होता. बायको वर पलंगावर पडून खिडकीतून सगळं ऐकत होती आणि एक शब्द बोलली नव्हती.

खुर्चीवाले टेबलाच्या खुर्चीवर बसले. त्या थंडीत ती पलंगाला खिळली होती आणि तिच्या खुर्चीत तेच बसायचे. पाणी दे, गोळी दे, उशी नीट कर, दिवसातून पन्नास वेळा उठायचे आणि प्रत्येक वेळी कण्हायचे. मग एका दिवशी ते न कण्हता उठले. त्यांना चांगलं आठवत होतं. "बघितलंस? अजून दम आहे म्हाताऱ्यात," असं ते म्हणाले होते. ती हसली होती, ठसका लागेपर्यंत. "आहे खरा," म्हणाली होती.

पलंगापासून खुर्ची चार पावलांवर होती. ते औषधाला गेले की अर्धा तास लागायचा. तेवढ्या वेळात चार पावलं जायचं, बैठक उसवायची, शिवायची आणि परत येऊन पडायचं, हे एका दिवसाचं काम नव्हतं. आणि शिवण उसवल्यावर आतले तीन थर तिला दिसलेच असणार. त्यानंतरही एकदा, तिला धरून खुर्चीत बसवलं तेव्हा ती म्हणाली होती, "पाय सुधारले हो."

पोस्टमन वर्तमानपत्र घेऊन आले, तेव्हा टेबलावर उसवलेली बैठक होती आणि खुर्चीवाले ब्लँकेट अंगाला लपेटून बसले होते.

"ताप आलाय का?"

"नाही. ब्लँकेट सापडलं."

पोस्टमननी ब्लँकेट पाहिलं, बैठक पाहिली आणि वर्तमानपत्र टेबलावर ठेवून चहा टाकायला गेले.

त्या दिवसापासून खुर्ची खाली येऊ लागली. दर चार दिवसांनी एक थर निघायचा. पहिला थर निघाला आणि बावीसचे तेरा झाले. दुसरा निघाला, नऊ झाले. तिसरा निघाला तेव्हा सहा. पोस्टमननी कपाटाच्या दारावरचे आकडे वाचले.

"खुर्चीवाले, तुमचा व्यायाम उलटा चाललाय. असंच चाललं तर परीक्षेपर्यंत शून्यावर याल."

"येऊ दे. हे सहा माझे आहेत."

ब्लँकेट राहिलं होतं. ते काढायला दोन दिवस जास्त लागले. काढलं त्या दिवशी पाच झाले, खुर्चीचे हात न धरता. परीक्षेला सहा दिवस उरले होते. खुर्चीवाले सकाळी करायचे, दुपारी करायचे, ओट्याला धरून टाचा उचलायचे, भिंत ढकलायचे. चित्रातल्या म्हाताऱ्याचा त्यांनी राग सोडला होता. त्याला स्वतःची खुर्ची बनवायला लागली नव्हती, एवढंच.

परीक्षेच्या दिवशी मुलगी तासभर आधी आली. घर आवरलं, टेबल पुसलं, खुर्च्यांच्या खोळी झटकल्या. मग फिजिओ आली, पोस्टमन न बोलावता आले.

खुर्चीवाले टेबलाच्या खुर्चीवर बसले आणि तसेच थांबले.

"काय झालं, बाबा?"

"ही खुर्ची दोन बोटं उंच झाली आहे."

"काहीतरीच. खुर्ची कशी उंच होईल?" मुलीचं तोंड मात्र लाल झालं.

खुर्चीवाल्यांनी उठून खोळीखाली हात घातला. आतून चपटी गादी निघाली, चांगली घट्ट, मध्ये दोन टाके मारून बसवलेली. टाके सरळ होते. चुण्या जमत नसल्या तरी टाके जमत होते.

"तुला तर मला खोलीत न्यायचं होतं ना?"

"न्यायचंच आहे," मुलगी म्हणाली आणि तिला रडू आलं. "पण तुम्ही नापास झालेलं कसं बघू?"

"तुमच्या घरात एकसुद्धा खुर्ची सरळ नाही का हो?" फिजिओ म्हणाली.

खुर्चीवाल्यांनी गादी मुलीच्या मांडीवर ठेवली. हात छातीशी घेतले आणि सुरुवात केली. सहापर्यंत ठीक गेलं. सातव्याला श्वास लागला. आठव्याला पोस्टमन मोठ्याने मोजायला लागले आणि मुलीने त्यांना गप्प केलं. नववा कण्हत झाला. दहाव्याला खुर्चीवाले अर्ध्यावर अडकले, मांड्या थरथरल्या, चेहरा वांग्यासारखा झाला. आणि मग एखादा जुना कोच जिन्यावरून चढवावा तसे ते स्वतःला वर घेऊन गेले.

"दहा," फिजिओ म्हणाली.

"मग आता त्या खोलीचं मी काय करू?" मुलीने डोळे पुसत विचारलं.

"एक खुर्ची ठेव. येईन, बसेन, आणि उठून घरी येईन."

त्यांना वाटलं होतं, आता दोन दिवस आराम. पण दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीशी बसल्यावर रस्त्यापलीकडची लाँड्री दिसली. ब्लँकेट सापडल्यापासून तीन आठवडे ते स्वतःला एकच सांगत आले होते, जायचं आहे, पण हे पाय, हा जिना. कालपासून ती सोय उरली नव्हती. दहा झाल्याची बातमी पोस्टमननी काल संध्याकाळीच गल्लीभर वाटली होती.

खुर्चीवाल्यांनी ब्लँकेटची घडी काखेत घेतली आणि कठड्याला धरून तीन मजले उतरले.

लाँड्रीवाला इस्त्री करत होता. त्याने मान वर केली, ब्लँकेट पाहिलं आणि इस्त्री उभी करून ठेवली.

"हे तुझ्याकडे नव्हतं," खुर्चीवाले म्हणाले. "माझ्याच बुडाखाली होतं."

लाँड्रीवाल्याने ब्लँकेटचं एक टोक चिमटीत धरून पाहिलं. मग त्याने पायाने एक स्टूल पुढे ढकललं. बुटकं, बिनपाठीचं, एक पाय आखूड.

"बसा," तो म्हणाला. "आणि नीट, पहिल्यापासून सांगा. माझ्या बापाला काय म्हणालात, तेही."

खुर्चीवाल्यांनी स्टुलाची उंची डोळ्यांनीच मापली. मग ब्लँकेट मांडीवर घेऊन बसले.