खुर्ची क्रमांक सत्तेचाळीस, स्थिती करकरणारी

नऊ वर्षे ही काही थोडकी मुदत नव्हे. एवढ्या अवधीत मूल जन्मास येऊन तिसरीत जाते, आणि या कथेतील संशोधकाचे मूल तसे गेलेही होते. त्याची कन्या रोज सायंकाळी दप्तर कोपऱ्यात टाकून विचारी, "बाबा, माझी शाळा सुटली. तुमची कधी सुटणार?" त्यावर संशोधक हसत असे; परंतु ते हसणे दाढ दुखत असलेल्या मनुष्याचे असे.

त्याच्या प्रबंधाचा विषय होता, घरगुती दारांच्या बिजागऱ्यांवरील गंज आणि त्यांची करकर यांचा परस्परसंबंध. या विषयाने त्यास इतके ग्रासले होते की विद्यापीठात त्याचे मूळ नाव मागे पडून लहानथोर सर्व त्यास बिजागरी म्हणूनच ओळखीत. कोणाच्या घरी पाऊल टाकताच तो दाराच्या आवाजावरून दाराचे वय सांगे, आणि त्यामुळे यजमानास आनंद होईच असे नाही. प्रबंधाच्या सहाव्या प्रकरणात त्याने असे प्रतिपादन केले होते की करकर ही गंजाची लेक नसून कोरडेपणाची लेक आहे. गंजावर जग विनाकारण आळ घेते. त्याच्या मार्गदर्शकांनी हे प्रकरण वाचून "सिद्ध झालं तर चांगलंच आहे" एवढेच उद्गार काढले आणि ते सेवानिवृत्त झाले.

आता नियम असा होता की संशोधकाची नोंदणी नऊ वर्षेच जिवंत राहते. ती ज्या दिवशी सायंकाळी पाच वाजता प्राण सोडणार होती, तो दिवस हाच. आणि यापेक्षाही कठीण गोष्ट म्हणजे त्याने सासऱ्यांना शब्द दिला होता. सासऱ्यांचे लोखंडी सामानाचे दुकान होते.

"अहो, नीट ऐका," पत्नीने सकाळी बजावले होते, "आज पाचच्या आत दिलात तर दिलात. नाहीतर उद्या नऊ वाजता बाबांच्या दुकानात. शब्द तुम्हीच दिलाय, मी नाही."

"माहीत आहे गं."

"बाबांनी गल्ल्यामागे तुमच्यासाठी स्टूलसुद्धा ठेवलंय. वर उशी शिवून घेतलीय."

ती उशी त्याच्या काळजात रुतली. जन्मभर नव्या कोऱ्या, तेल लावलेल्या, मुक्या बिजागऱ्या विकीत बसणे, हे त्याच्या मते कीर्तनकाराने बहिऱ्यांच्या गावी जाऊन राहण्यासारखे होते.

तात्पर्य, दुपारी साडेतीन वाजता तो प्रबंधाच्या पाच प्रती छातीशी धरून 'प्रबंध स्वीकृती' या खिडकीपुढे उभा राहिला. मागे आणखी अकरा संशोधकांची रांग होती, कारण शेवटच्या दिवसावाचून कोणासही जाग येत नाही. खिडकीआड ज्या बाई बसत, त्यांस सर्वजण स्वीकृतीबाई म्हणत. त्यांच्या मेजावर स्वयंपाकघरात वापरतात तसले एक गजराचे घड्याळ होते. त्याचे कारण असे की नियम एकतीसनुसार खिडकीवरील अधिकाऱ्यास दिवसभरात आसनावरून उठण्यासाठी एकंदर दहाच मिनिटे मिळत. त्याहून एक क्षण अधिक झाला, किंवा अधिकारी ज्या आसनावरून उठला त्याच आसनावर परत बसला नाही, तर खिडकी त्या दिवसापुरती बंद झाली असे समजावे. बाईंची त्या दिवशी सहा मिनिटे खर्ची पडली होती.

बाईंनी प्रती पाहिल्या, समास पाहिला, सह्या पाहिल्या. मग म्हणाल्या, "भांडाराचं ना-हरकत कुठंय?"

"मॅडम, तेवढंच राहिलंय. भांडारवाले काका म्हणतात, माझ्या नावावर एक खुर्ची आहे. पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत मिळालेली."

"मग देऊन टाका."

"ती सापडत नाही. प्रयोगशाळेला रंग दिला तेव्हा सामान बाहेर काढलं होतं, तेव्हापासून गायब आहे. मी म्हटलं नवी आणून देतो, तर म्हणाले, तीच पाहिजे."

"बरोबरच बोलले ते," बाई म्हणाल्या, आणि दिवसभराचा शिणवटा काढण्यासाठी मागे रेलल्या.

खुर्ची करकरली. आधी बारीक, मग मध्येच एक अडखळ, आणि शेवटी लांबलेला सूर.

बिजागरीच्या हातून प्रती निसटता निसटता राहिल्या. पहिले वर्षभर तो याच सुरावर बसला होता. आई गर्दीत आपल्या लेकराचे रडणे ओळखते, तद्वत त्याने तो आवाज ओळखला.

"मॅडम, जरा मागची बाजू बघू?"

"काय म्हणालात?"

"खुर्चीची, मॅडम! खुर्चीची!"

रांगेत कोणीतरी फिस्सकन हसले. त्याने दारातून आत वाकून पाहिले. पाठीमागे पांढऱ्या रंगात स्पष्ट लिहिले होते, ४७.

"ही माझी खुर्ची आहे," तो गहिवरून म्हणाला.

"सात वर्षं मी बसतेय हिच्यावर," बाई म्हणाल्या. "मी रुजू झाले तेव्हा ती इथंच होती. मला वाटलं, खिडकीसोबतच येते."

आता पेच पडला. भांडार अंगणापलीकडच्या इमारतीत, चालत सात मिनिटांवर. बाई उठून खुर्ची सोडतील तर चार मिनिटांत खिडकी बंद. न सोडतील तर ना-हरकत नाही. इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि घड्याळात सव्वाचार. बिजागरी खाली बघत उभा राहिला, आणि त्याची दृष्टी चाकांवर पडली. पाच चाके होती.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "तुम्ही उठूच नका."

बाईंनी नियमपुस्तक उघडून दोनदा वाचले. अधिकाऱ्याने आसनावर असावे असे लिहिले होते; आसन कोठे असावे याविषयी चकार शब्द नव्हता.

"चला," त्या म्हणाल्या. "पण ती पाटी द्या माझ्याकडे. खिडकी चालू आहे हे दिसलं पाहिजे."

याप्रमाणे मिरवणूक निघाली. पुढे मांडीवर 'प्रबंध स्वीकृती चालू' ही पाटी, शिक्के आणि गजराचे घड्याळ घेऊन बसलेल्या बाई. मागे खुर्ची ढकलणारा बिजागरी. त्यामागे आपापल्या प्रती सांभाळीत अकरा संशोधक, कारण खिडकी जेथे जाईल तेथे रांगेने जाणे भाग होते. वाटेत एक प्राध्यापक समोरून आले. त्यांनी पाटी वाचली, आदराने बाजूला झाले आणि कोणाची अंत्ययात्रा जावी तसे थांबून राहिले.

"सावकाश हो," बाई ओरडल्या. "तुम्हाला पदवी मिळायच्या आधी मला सुट्टी मिळेल दवाखान्यात!"

अंगणाच्या उंबऱ्यापाशी एक चाक अडले आणि सगळी खुर्ची करुण स्वरात करकरू लागली. येथे बिजागरीच्या हातून जे घडले ते केवळ सवयीने घडले. त्याच्या खिशात सदैव तेलाची एक लहान कुपी असे. नऊ वर्षे ज्याने गंजाची सेवा केली, त्याला लोखंडाचा आक्रोश ऐकवेना. त्याने चाकाला चार थेंब दिले, आणि जाता जाता पाठीच्या सांध्यालाही चार. खुर्ची लोण्यासारखी सरकू लागली.

"अगंबाई," बाई म्हणाल्या, "सात वर्षांत हे कुणाला सुचलं नाही!"

भांडारात पोहोचले तेव्हा पाच वाजण्यास वीस मिनिटे उरली होती. भांडारात आढ्यापर्यंत नव्या खुर्च्या रचलेल्या होत्या, चांगल्या चारशे. त्यांची वेष्टनेसुद्धा निघाली नव्हती. भांडारवाले काका मात्र खडूच्या खोक्यांवर बसले होते, कारण भांडारासाठी खुर्ची अद्याप मंजूर झाली नव्हती.

"आणली काका," बिजागरी धापा टाकीत म्हणाला. "सत्तेचाळीस."

काकांनी चष्म्यावरून पाहिले. "वर कोण आहे?"

"स्वीकृतीबाई."

"त्यांना उतरवा. भांडारात माणसं जमा करून घ्यायची सोय नाही."

"काका, माझी चारच मिनिटं शिल्लक आहेत," बाई म्हणाल्या. "बोलण्यात घालवू नका." त्यांनी घड्याळाची चावी चार मिनिटांवर फिरवली आणि त्या उठल्या. अकरा संशोधकांनी श्वास रोखून धरला.

काकांनी नोंदवही काढली. बोटाला थुंकी लावून पाने उलटली. "क्रमांक सत्तेचाळीस. काळी, फिरती, चाके पाच." त्यांनी चाके मोजली. पाचच होती, तरी पुन्हा मोजली. "स्थिती, करकरणारी." त्यांनी खुर्चीची पाठ धरून मागे रेटली.

खुर्ची गप्प.

पुन्हा रेटली. मौनव्रत घेतलेल्या साधूप्रमाणे ती हू का चू करीना.

"ही ती नाही," काका म्हणाले आणि त्यांनी वही मिटली.

"तीच आहे काका! क्रमांक बघा ना!"

"क्रमांक कुणीही रंगवील. आवाज कुठंय?"

"मी वाटेत तेल घातलं," बिजागरी मान खाली घालून म्हणाला.

काका खरोखर दुखावले. "शिकलेली माणसं तुम्ही! वस्तू जशी दिली तशी परत यायला हवी. सुधारून आणायला कुणी सांगितलं होतं?"

"तीन मिनिटं," बाई म्हणाल्या.

"मग करा ना परत तिला करकरणारी," रांगेतला एक उंच संशोधक म्हणाला. "गंज चढवा. नऊ वर्षं हेच तर करताय."

"गंज चढायला मिठाच्या पाण्यातसुद्धा अकरा दिवस लागतात," बिजागरी म्हणाला. हे कोष्टक त्याने स्वतः तयार केले होते आणि त्या क्षणी त्यास त्या कोष्टकाचा अतिशय राग आला. डोळ्यांपुढे ते स्टूल उभे राहिले, ती उशी उभी राहिली, तिच्यावर सासूबाईंनी काढलेली फुलेसुद्धा दिसली. त्याने असहाय होऊन इकडेतिकडे पाहिले, आणि त्यास काका कशावर बसले आहेत ते दिसले.

"काका, उठा."

"का म्हणून?"

"सहावं प्रकरण, काका! करकर गंजाची नसते, कोरडेपणाची असते. उठा हो लवकर!"

काका उठले, ते मुख्यतः भीतीने. बिजागरीने खोके फोडले, आपल्या सदऱ्याच्या टोकाने सांध्यातील तेल टिपून काढले, आणि मूठभर खडू चुरून ती पूड सांध्यात, फटीत, स्क्रूच्या कडेने भरली. पुन्हा पुसले, पुन्हा भरली. त्याचे हात, भुवया आणि मिशा पांढऱ्या झाल्या.

"दीड मिनिट," बाई म्हणाल्या. त्यांनी घड्याळ त्याच्यापुढे धरले.

त्याने पाठ मागे रेटली. काहीच नाही. पुन्हा रेटली. एक बारीक सूर निघाला, मध्येच अडखळला आणि शेवटी लांबला.

मार्गदर्शक असते तर त्यांनाही मान्य करावे लागले असते. नऊ वर्षे जे कोणी मानले नाही ते अकरा साक्षीदारांसमक्ष सिद्ध झाले होते. बिजागरीस आनंदाश्रू आले व गालांवरील खडूतून दोन ओघळ काढीत गेले.

काकांनी कान लावून ऐकले. "हं. हीच ती." त्यांनी वहीत 'जमा' लिहिले, ना-हरकत लिहिले, वेळ घातली, शिक्का मारला. नंतर बाई खुर्चीवर बसू लागल्या तसा त्यांनी हात आडवा केला.

"कुठं? ती आता भांडाराची झाली."

"काका! पन्नास सेकंद!"

"कार्यालयाला खुर्ची हवी तर मागणीपत्र. तीन आठवडे लागतात." काकांनी मिटत आणलेली वही पुन्हा उघडली. ते दुष्ट नव्हते, केवळ नियमित होते. "मात्र नोंदणी चालू असलेल्या संशोधकाला मागितल्याबरोबर देता येते. आहे का कुणी?"

"मी आहे!" बिजागरी किंचाळला. "पाच वाजेपर्यंत आहे!"

त्याने पांढऱ्या बोटांनी सही केली, खुर्ची ओढली, बाई धपकन बसल्या, खुर्ची करकरली, आणि त्याच स्वरात सूर मिसळून घड्याळ खणखणले. कोण आधी बसले आणि कोण आधी वाजले यावर रांगेत पुढे बराच काळ वाद चालला. परंतु बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी पाटी मांडीवर उभी केली, पाचही प्रती घेतल्या आणि पावतीवर शिक्का मारला. पाच वाजण्यास पंधरा मिनिटे होती. उरलेल्या अकरांचेही प्रबंध तेथेच, खडूच्या धुरळ्यात, स्वीकारले गेले.

"अभिनंदन बिजागरी," परत ढकलीत नेत असता बाई म्हणाल्या. "पण एक लक्षात ठेवा. पदवीच्या वेळी ना-हरकत पुन्हा लागतं. खुर्ची परत तुमच्या नावावर आहे."

"हो मॅडम."

"स्थिती करकरणारी."

"हो मॅडम."

"आणि मी रोज आठ तास बसते हिच्यावर. खडू काही वर्षभर टिकायचा नाही."

घरी सासरे आलेच होते. त्यांनी जावयाचे पांढरे मुख, पांढरे हात आणि काळाकुट्ट सदरा पाहिला.

"काय हो जावईबापू, पीठ दळून आलात की काय?"

"प्रबंध दिला," तो म्हणाला आणि त्याने पावती पुढे केली.

पत्नीने पावती दोन्ही बाजूंनी वाचली. मग प्रथमच त्या दिवशी तिच्या खांद्यांवरचा ताण उतरला. "म्हणजे उद्या दुकान नाही ना?"

"नाही. उद्या विद्यापीठात जायचंय. मग दर आठवड्याला जायचं, पदवी मिळेपर्यंत."

"आता कशाला?"

त्याने सर्व हकिगत सांगितली. सासऱ्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली. अखेरीस म्हणाले, "ती उशी तेवढी त्या बाईंना नेऊन द्या. आमच्याकडे नुसती पडून राहील."

कन्या हे सर्व दारात उभी राहून ऐकत होती. ती आत गेली, दप्तर उघडले आणि दोन अखंड खडू आणून तिने बापाच्या हातावर ठेवले.

"शाळेतल्या बाईंना सांगू नका हं," ती म्हणाली, "आमच्या वर्गातले आहेत."