आठव्या डावातला हॉटडॉग

रोंडा त्या दिवशी मैदानावर आली ती मुळात पहारेकरी म्हणून. तिच्या वडिलांचं, व्हर्ननचं, हृदय थकलं होतं. पाय सुजायचे. डॉक्टरांनी मीठ जवळजवळ तोडलंच होतं. आणि अशा माणसाच्या वाढदिवसाला तिच्या नवऱ्याने, क्लिंटने, बेसबॉलची तिकिटं काढली तीही नेमकी ‘हवं तितकं खा’वाल्या रांगेची! मनगटाला कागदी पट्टा बांधला की हॉटडॉग, नाचोज, शेंगा, काय वाटेल ते. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

“एकच हॉटडॉग, पप्पा,” तिने गाडीतच बजावलं.

“तुझ्यापेक्षा तुरुंग बरा,” पप्पा म्हणाले.

पहिल्या डावात त्यांनी आपला तो एक खाल्ला. पाहुण्या संघाचे तिन्ही खेळाडू झटपट बाद झाले. दुसऱ्या डावात अक्कलशून्य क्लिंट सगळ्यांसाठी पुन्हा घेऊन आला, आणि रोंडा “नको” म्हणेपर्यंत पप्पांचा अर्धा संपलाही होता. पाहुणे पुन्हा हात हलवत परत गेले. तिसऱ्यातही तेच.

आता बेसबॉलवाल्यांची एक तऱ्हा असते. आपल्या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, समोरच्यांना एकही फटका मिळू दिलेला नसला, की ते तोंडाने उच्चारायचं नाही, आणि जो जे करत असेल त्याने तेच करत राहायचं. बसलेल्याने जागा बदलायची नाही, उलटी घातलेली टोपी सरळ करायची नाही. एरवी शहाणीसुरती माणसंही यात मागे नसतात.

“म्हातारबा खाताहेत तोवर चाललंय,” पाचव्या डावात क्लिंट कुजबुजला. “तू मध्ये पडू नकोस.”

रोंडाने त्याला झापायला हवं होतं. पण पप्पांनी आयुष्यभर सामने पाहिले आणि असा सामना एकदाही नशिबी आला नव्हता, दरवेळी शेवटी कुठेतरी माशी शिंकायची. आज तो त्यांना बघायला मिळावा असं तिला फार वाटत होतं. निदान मनाची समजूत तरी तिने तशीच घातली.

“पोरी, पुरे गं आता,” सहाव्या डावात पप्पा म्हणाले. “घशाशी आलंय.”

“थोडंच राहिलंय, पप्पा. आता कशाला मोडता?”

“आजोबा, गावाची अब्रू तुमच्या हातात आहे हं!” मागची बाई ओरडली आणि अख्खी रांग हसली. पप्पाही हसले, पण त्यांना धाप लागली होती. रोंडाला ती ऐकू आली होती, नाही असं नाही.

सातव्या डावानंतर खाण्याचे काउंटर बंद होतात. म्हणून ती स्वतः धावत जाऊन उरलेल्या दोन्ही डावांचे हॉटडॉग आधीच घेऊन आली. एकाचा कागद तिने स्वतःच्या हाताने सोलून दिला. पप्पांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि घास घेतला.

आठव्या डावात बॅटचा आवाज आला आणि चेंडू दोन क्षेत्ररक्षकांच्या मध्ये गवतात पडला. पाहुण्यांचा पहिला फटका! सगळं मैदान हळहळलं, मग पिचरसाठी उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. रोंडाही चरफडत उठली. पप्पा मात्र बसूनच होते. त्यांचे ओठ पांढरे पडले होते आणि एक हात जाकिटाच्या खिशात होता.

“माझ्यामुळे गेलं, रोंडा,” ते म्हणाले. खिशातून त्यांनी कागदी रुमालात गुंडाळलेला अर्धा हॉटडॉग काढला. “गिळवेचना गं. तुम्ही एवढी आस लावून बसलात, म्हणून लपवला. रागावू नकोस.”

रोंडा खाली बसली आणि त्यांच्या बुटाची नाडी सोडू लागली. मोज्याची कड मांसात रुतली होती. आपण हे काय करून बसलो!

“क्लिंट, गाडी आण. आत्ताच्या आत्ता!”

“अगं, नववा डाव आहे ना अजून?” पप्पा धापा टाकत म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. “तो दुसरा दे इकडे. हा सगळा खातो मी, शप्पथ.”