संगप्पांचा निकॉन

संगप्पांच्या हातून कॅमेरा पडला तो शिवलिंगप्पांच्या दारात, मयतीला जमलेल्या शंभर माणसांसमोर.

शिवलिंगप्पा हे संगप्पांचे शाळेपासूनचे मित्र. लिंगायतांत गेलेल्या माणसाला विमानात, म्हणजे फुलांनी सजवलेल्या पालखीसारख्या आसनात बसवतात, कपाळभर विभूती लावतात, हार घालतात आणि उचलायच्या आधी घरच्यांना भोवती उभं करून एक फोटो काढतात. बाळीवेशीतला स्टुडिओ सांभाळून संगप्पांनी चाळीस वर्षं असे फोटो काढले होते. लग्नाची कामं अलीकडे त्यांची मुलगी सिद्धेश्वरी बघायची, पण मयतीचं बोलावणं आलं की संगप्पा स्वतःच निघायचे. "रडणाऱ्या माणसाला जरा इकडं सरका म्हणायचं, तर तोंड म्हाताऱ्याचंच लागतं की," असं त्यांचं म्हणणं.

दोन वर्षांपासून त्यांचे हात कापत होते. गोळ्यांनी कंप दबायचा, त्या दिवशी दबला नाही. पट्टा गळ्यात घालायचा राहून गेला आणि कॅमेरा फरशीवर आपटला. घरातलं रडणं क्षणभर थांबलं. शिवलिंगप्पांच्या पत्नी कमलम्मा एवढ्या दुःखातही म्हणाल्या, "असू दे अण्णा, असू दे." सिद्धेश्वरीनं पटकन मोबाईल काढून फोटो घेतला. संगप्पा भिंतीला टेकून उभे राहिले.

लेन्स वाचली, पण कॅमेरा दुरुस्तीच्या पलीकडे गेला होता. नवा घेणं भागच होतं. कुठला घ्यायचा, यावर मात्र बापलेकीचं जुळेना.

संगप्पा पहिल्यापासून निकॉनवाले. त्यांच्या लोखंडी कपाटात पाच लेन्स होत्या, मलमलच्या फडक्यात गुंडाळलेल्या. दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा घेतला तर त्या पाचही कपाटातच पडून राहणार, हे त्यांना दिसत होतं. सिद्धेश्वरीला हवा होता सोनी. ती आणि तिची मैत्रीण रुपाली लग्नाची कामं मिळून करायच्या. रुपालीकडे सोनी होता. दोघींकडे एकच कंपनी असली की एकीची लेन्स दुसरीला लागते, ऐन अक्षतांच्या वेळी बॅटरी संपली तर तिची घेता येते. हे तिनं अप्पांना दोनदा समजावलं. दोन्ही वेळा ते "बघू की" म्हणून उठून गेले.

शेवटी तिनंच म्हटलं, "अप्पा, तुम्ही दुकानात चला. हातात घेऊन बघा, मग ठरवू."

नव्या पेठेतल्या दुकानात विरेश होता. त्याच्या वडिलांच्या काळापासून संगप्पा तिथूनच माल घ्यायचे. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला आणि काचेच्या टेबलावर तीन कॅमेरे मांडले. निकॉन, कॅनन, सोनी.

"काका, तिन्ही चांगले हायत. हातात घेऊन बघा, कुठला बसतो ते."

संगप्पांनी पिशवीतून एक लेन्स काढली. सिद्धेश्वरीला माहीत नव्हतं, ते ती बरोबर घेऊन आले होते. विरेशनं मधे जोडायची कडी आणली आणि लेन्स नव्या निकॉनला बसवून दिली.

"बसली की!" संगप्पांचा चेहरा उजळला.

"बसते काका. पण ही लेन्स लई जुनी. हिच्यात स्वतःची मोटर न्हाई, त्यामुळं हिचा फोकस हातानं फिरवून करायला लागंल."

"मग? जन्मभर तेच केलंय."

त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. समोरच्या भिंतीवर महापुरुषांचे फोटो असलेलं कॅलेंडर होतं. त्यावर नेम धरून ते डाव्या हातानं लेन्सची कडी फिरवू लागले. बोटं फोकसच्या पुढं जायची, परत मागं यायची. कॅमेऱ्याचा पट्टा टेबलाच्या काचेवर टकटक वाजत होता. विरेश उगाच मागं वळून खोकी नीट लावायला लागला. सिद्धेश्वरीचा हात आपोआप कॅमेऱ्याखाली आधाराला गेला आणि अप्पांनी कोपरानंच तो बाजूला केला.

बराच वेळ गेला. मग त्यांनी कॅमेरा खाली ठेवला.

"साकू," ते म्हणाले. मनाला लागलं की त्यांच्या तोंडी कन्नडच यायचं आणि लेकीला ते अव्वा म्हणायचे. "साकू, अव्वा. पुरे आता."

सिद्धेश्वरीनं निकॉन स्वतःकडं ओढला. ती विरेशकडं बघून म्हणाली, "हाच द्या. निकॉनच घेऊ."

"का?" संगप्पांनी विचारलं.

"मला आवडला."

"खोटं बोलू नको." त्यांचा आवाज चढला नाही. "कॅमेरा आता तू धरणार. मी धरणार नाही. माझ्या पाच काचांसाठी तू अडकून बसायचं काही कारण नाही. विरेश, सोनी बांध."

तिनं पर्स उघडली. आतून तिला हायसं वाटलं आणि त्याचीच तिला लाज वाटली. अप्पांनी ओरडायला हवं होतं, असंही वाटून गेलं. पैसे देऊन ती बाहेर आली तेव्हा ते पायरीवर उभे राहून रस्त्यावरची गर्दी बघत होते.

त्या रविवारी सकाळी ती स्टुडिओत नव्या कॅमेऱ्याची माहिती चाळत बसली होती. तेवढ्यात संगप्पा आत आले. अंगात परीटघडीचा पांढरा सदरा, धोतर, खांद्यावर जरीकाठी उपरणं, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात करडगी, इष्टलिंग ठेवायची चांदीची डबी. पडद्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसले.

"कुठं लग्न आहे का, अप्पा?"

"लग्न कुठलं. माझा फोटो काढ."

"कशाला?"

"लागंल तेव्हा असावा. लोक आधार कार्डावरचा फोटो मोठा करून भिंतीला लावतात. माझा तसा नको. फोटोग्राफरचा फोटो हाय, नीट पाहिजे."

"असलं काही बोलू नका हो."

"सिद्धी," ते म्हणाले, "चाळीस वर्षं लोकांचे काढले. माझा कुणी काढायचा? तूच ना? मग मी तुला बघायलोय, तवाच काढ की."

 तिनं दिवे लावले. संगप्पांनी बसल्या जागेवरून डावीकडचा दिवा खाली घ्यायला लावला, मग जरा मागं. तिनं मुकाट्यानं तसं केलं. त्यांची मान हलत होती, मांडीवरचे हात हलत होते. हलणं फोटोत उतरू नये म्हणून तिनं शटरचा वेग वाढवला आणि कॅमेरा डोळ्याला लावला. डोळे भरून आल्यानं एकदा खाली घेतला, पदरानं पुसले आणि परत लावला. ते तिची वाट बघत बसले होते. एवढ्या वर्षांत त्यांनी कुणालाच घाई केली नव्हती, तिलाही केली नाही.

फोटो निघाला. तिनं कॅमेऱ्याच्या पाठीमागची स्क्रीन त्यांच्यापुढं धरली. कंपाचा मागमूसही त्यात नव्हता. समोर नजर लावून बसलेला एक शांत म्हातारा होता.

संगप्पांनी चष्मा चढवून बराच वेळ बघितलं.

"उजवा खांदा खाली आलाय," ते म्हणाले, आणि उपरणं सावरून पुन्हा ताठ बसले. "आणखी एक काढ."