काळ्या बरणीवरचा पांढरा थर

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि स्वतःला नऊ वर्षांची श्रिया समजा. तुम्ही ठाण्याला, वर्तकनगरमध्ये राहता. स्वयंपाकघरात ओट्याखाली एक कपाट आहे. आत कधी ऊन पोचत नाही. तिथं लिंबाच्या लोणच्याच्या पाच बरण्या आहेत, प्रत्येकीवर वर्षाची चिठ्ठी. नवं लोणचं पिवळं, चार वर्षांचं तपकिरी आणि अगदी मागच्या बरणीतलं काळं कुळकुळीत. ते श्रियाच्या आजीनं, सुमतीनं, वीस वर्षांपूर्वी घातलेलं. श्रियानं आजीला पाहिलेलं नाही. आजीच्या हातचं आता घरात एवढंच उरलंय.

आणि आज तुम्हाला त्या कपाटाची भीती वाटतेय. का, ते सांगतो. मागच्या आठवड्यात श्रियाला ताप आलेला. तोंडाला चव नव्हती. कुणी बघत नाही असं पाहून तिनं भांड्यांच्या जाळीतला चमचा उचलला आणि काळ्या बरणीत बुडवला. चमचा ओला होता, हे लोणचं तोंडात गेल्यावर तिच्या लक्षात आलं. ओल्या चमच्यानं बरणीला बुरशी येते, हे या घरात पाढ्यांच्या आधी शिकवतात! तेव्हापासून ती दहा वेळा कपाटापाशी गेली आणि परत आली. उघडून बघायचा धीर होईना.

आज रविवार. या घरची रीत अशी, की हिवाळ्यात नवी लिंबं घालायच्या दिवशी जुन्या बरण्या उघडायच्या. नव्यापासून जुन्यापर्यंत एकेक फोड चाखायची, मध्ये घासभर मऊ भात. मानपाड्याहून सलिलकाका त्यासाठी खास आलेला.

"वहिनी, मला मोठी फोड हं."

"भावजी, चाखायला आलात की जेवायला?" श्रियाची आई म्हणाली.

पिवळं चाखून आजोबा म्हणाले, "हे अजून अल्लड आहे." तपकिरी चाखून म्हणाले, "हे शहाणं होतंय." सगळे हसले. श्रियाचा भात ताटलीत तसाच. ती एका पायानं दुसरा पाय घासत बसलेली.

आजोबांनी काळी बरणी पुढं ओढली आणि थबकले.

"फडक्याची ही गाठ माझी नाही. बुटाच्या नाडीसारखी कुणी बांधली?"

झाकण काढलं. लोणच्यावर पांढरा थर.

"सलिल, मागच्या रविवारी तू आलेलास."

"बाबा, मी हातसुद्धा लावला नाही!"

"दहावीत असताना कैरीची बरणी कुणी नासवली?"

"अहो, तीस वर्षं झाली त्याला!"

"ओला चमचा आणि तू, जुनी दोस्ती आहे."

काका हसला खरा, पण बरणीकडे बघून त्याचा आवाज उतरला. "आईची शेवटची बरणी आहे, बाबा. मी कशाला..."

श्रियाला पुढचं ऐकवेना.

"काका नाही. मी. ताप होता तेव्हा. चमचा ओला होता."

आजोबांनी बरणी तिच्यापुढं सरकवली.

"मग तूच बघ. जुन्या लोणच्यावर कधीकधी मिठाचेच खडे धरतात. चिमटीत घेऊन चोळ. खरखरीत लागलं तर मीठ. मऊ, बुळबुळीत लागलं तर बुरशी. मग बरणी टाकायची."

श्रियानं हात फ्रॉकला पुसला. उलटा करून पुन्हा पुसला. बोटांवर फुंकर घातली. मग वरचं पांढरं चिमटीत घेतलं आणि चोळलं.

"खरखरीत आहे," ती म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं.

"मग सगळ्यात मोठी फोड माझी," काका म्हणाला. "फुकट बोलणी खाल्लीत मी. जा, चमचा आण."

श्रियानं डोळे पुसले. चमचा घेतला, कोरड्या फडक्यानं पुसला, उलटून पुसला, आणि गॅलरीत जाऊन उन्हात धरून उभी राहिली.

"अगं, आण की!"

"थांब काका, अजून वाळतोय."